न केलेले आणि न जमणारे : एका खेळाडूच्या अहवालावरील वाद

रणजी करंडकाच्या मोसमात धावांच्या राशी घालणारा फलंदाज कसोटी संघात आला की पहिल्या काही डावांतच अडखळतो, आणि स्थानिक सामन्यांत ज्याच्या नावावर डोळ्यांत भरण्याजोगी नोंद नाही असा एखादा तरुण मात्र परक्या खेळपट्टीवर पाय रोवून उभा राहतो, हे कोडे क्रिकेटच्या रसिकांना नवीन नाही. मुंबईतील जुने जाणकार पावसाळ्यात भरणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या, उसळत्या खेळपट्टीवर काढलेल्या तीस धावांना कोरड्या, पाटा खेळपट्टीवरील शतकाहून अधिक मोल देत, ते याच कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी. धावा किती झाल्या हे गुणपत्रिका सांगते. त्यांतला खेळाडूचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे मात्र पाहणाऱ्याने स्वतःच ठरवावे लागते.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या बाबतीत हाच प्रश्न दरवर्षी नव्याने उपस्थित होतो, आणि तेथे तो केवळ कट्ट्यावरच्या चर्चेचा विषय राहत नाही. त्यासाठी प्रत्येक संघाने पगारी पारखी नेमलेले असतात, त्यांची स्वतंत्र खाती असतात, आणि प्रत्येक होतकरू खेळाडूविषयी लेखी अहवाल दप्तरी दाखल होतो. या अहवालांवर वाद होतात. ते कसे होतात आणि चांगला वाद वाईट वादापासून कशाने निराळा ठरतो, हे एका खेळाडूच्या उदाहरणावरून पाहता येईल.

निवडीची रीत

नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघटनेत ३२ संघ आहेत. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूला आपला संघ निवडण्याची मुभा नसते. दर वसंतात भरणाऱ्या ‘ड्राफ्ट’मध्ये संघच आळीपाळीने खेळाडू निवडतात, आदल्या मोसमात जो सर्वांत दुबळा ठरला त्याचा हक्क पहिला, आणि अशा सात फेऱ्यांत अडीचशेच्या वर नावे पुकारली जातात. आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन त्याचा मोबदला घेण्याचीही सोय आहे. १९३६ साली फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा संघ अवघे नऊ होते आणि खेळाडूंविषयीची माहिती बहुतांशी वर्तमानपत्रांतून व ऐकीव गोष्टींतून गोळा केलेली होती. १९४० च्या दशकात रॅम्स संघाने एडी कोटाल यांना निव्वळ खेळाडू पारखण्याच्या कामावर नेमले, १९६३ मध्ये काही संघांनी मिळून ‘ब्लेस्टो’ ही सामाईक पाहणी संस्था उभारली, आणि १९८७ पासून निवडक होतकरूंना इंडियानापोलिस शहरात एकत्र बोलावून त्यांची उंची, वजन, धाव, उडी व प्रकृती तपासण्याचा प्रघात स्थिरावला. या मेळाव्याला ‘कम्बाइन’ म्हणतात.

रिसीव्हर करतो काय

अमेरिकन फुटबॉल हा पायाने कमी आणि हातांनी अधिक खेळला जाणारा खेळ आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाचा सूत्रधार क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, आणि पुढे धावत जाऊन तो झेलण्याचे मुख्य काम ज्याच्याकडे असते तो रिसीव्हर. तो मन मानेल तसा धावत नाही. प्रत्येक खेळीत त्याला आखून दिलेला मार्ग असतो, त्याला ‘रूट’ म्हणतात: अमुक यार्ड सरळ, मग एकदम बाहेर, किंवा तिरके आत, किंवा खोलवर जाऊन अकस्मात मागे वळणे. त्याच्या पाठीवर बचावपटू असतो, आणि चेंडू येण्याच्या क्षणी त्या दोघांत हातभर जरी जागा निर्माण झाली तरी फेकणाऱ्याला तेवढी पुरते.

म्हणून त्याच्या कौशल्याचे टप्पे एकामागून एक पाहावे लागतात. खेळी सुरू होताच समोरच्या बचावपटूच्या हातांतून सुटणे. धावताना पुढचा बेत त्याच्या ध्यानी येऊ न देणे. वळणाच्या ठिकाणी वेग आवरून तत्काळ दिशा बदलणे. चेंडू हातांत घेणे. आणि मग तो घेऊन पुढे पळणे. यांतला एक दुवा निखळला तरी उरलेल्यांचा उपयोग होत नाही. अहवालात या प्रत्येकाविषयी शेरा असतो, बलस्थाने व उणिवा यांचे रकाने असतात, आणि शेवटी एक गुणांक व भाकीत असते: हा पहिल्या दिवसापासून खेळेल, की दोन वर्षे घडवावा लागेल, की कोणत्याच संघात टिकणार नाही.

घड्याळ काय सांगते

कम्बाइनमधील सर्वांत गाजणारी चाचणी म्हणजे ४० यार्डांची, अर्थात ३६.५८ मीटरची, सरळ धाव. शेवटच्या टप्प्यात असा खेळाडू सेकंदाला नऊ-दहा मीटरच्या वेगाने पळत असतो, त्यामुळे ४.४ सेकंद आणि ४.५ सेकंद यांत अंतिम रेषेवर सुमारे एक मीटरचे अंतर पडते. वर सांगितलेल्या हातभर जागेशी तुलना केली तर हा फरक क्षुल्लक म्हणता येत नाही. मात्र ही धाव शिरस्त्राण आणि खांद्यांच्या गाद्या न घालता, सरळ रेषेत आणि समोर कोणीही नसताना होते. टप्प्यांपैकी पहिल्या चारांविषयी ती जवळजवळ मूक असते.

तिच्या मौनाचे दाखले दोन्ही बाजूंनी आहेत. २०१७ मध्ये जॉन रॉसने ४.२२ सेकंदांत धावून त्या वेळचा उच्चांक केला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. दुखापतींनी ग्रासलेल्या पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टन या लहान विद्यापीठाचा कूपर कप ४.६२ सेकंदांमुळे ६९ व्या क्रमांकापर्यंत थांबला, आणि २०२१ मध्ये १४५ झेल व १,९४७ यार्ड मिळवून तो झेल, त्यांतून कापलेले यार्ड आणि टचडाउन (चेंडू प्रतिपक्षाच्या अखेरच्या पट्ट्यात पोहोचवणे) या तिन्ही बाबतींत संघटनेत अव्वल ठरला. १९८५ मध्ये मिसिसिपी व्हॅली स्टेटच्या जेरी राइसविषयीही संथपणाचा बोलबाला होता आणि त्याच्यापूर्वी दोन रिसीव्हर निवडले गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्श यांनी मात्र आपल्या पाळ्या दुसऱ्या संघाला देऊन सोळावा क्रमांक मिळवला आणि राइसला घेतले. २२,८९५ यार्डांचा त्याचा विक्रम आजही अबाधित आहे.

एवढ्यावरून घड्याळ निरर्थक ठरत नाही. अत्यंत संथ रिसीव्हरला या व्यवसायात थारा मिळत नाही, हेही तितकेच खरे. वेग ही येथे प्रवेशाची अट आहे, आणि आत गेल्यावर गुणानुक्रम तिच्यावर ठरत नाही.

जस्टिन जेफर्सनची कैफियत

आता प्रत्यक्ष वादाकडे वळू. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे एलएसयूचा, २०१९ चा संघ पंधराही सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याने त्या एका मोसमात ५,६७१ यार्ड आणि ६० टचडाउन फेकले. त्या संघातील रिसीव्हर जस्टिन जेफर्सन याने १११ झेल, १,५४० यार्ड आणि १८ टचडाउन केले. २८ डिसेंबर २०१९ रोजी ओक्लाहोमाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात तर पहिल्याच अर्धात चार टचडाउन त्याच्या नावावर लागले.

असे असता वाद कशाचा? शंका घेणाऱ्यांचे म्हणणे तीन कलमांत मांडता येते. पहिले, असा फेकणारा आणि प्रशिक्षक जो ब्रेडी यांनी बसवलेली अशी मोकळी आक्रमणपद्धती लाभल्यावर कोणाही बऱ्या खेळाडूचे आकडे फुगणारच. दुसरे, संघातील अव्वल रिसीव्हर तो नव्हताच; १,७८० यार्ड व २० टचडाउन करणारा जा'मार चेस हा होता, आणि प्रतिपक्षाचे लक्ष त्याच्याकडे लागलेले असे. तिसरे आणि सर्वांत वजनदार कलम हे की, त्या मोसमात जेफर्सन जवळजवळ सर्व वेळ ‘स्लॉट’मध्ये, म्हणजे आतल्या जागी, उभा राहिला, तेव्हा व्यावसायिक मैदानाच्या कडेला, बाहेरच्या जागी, त्याचा निभाव लागेल याचा पुरावा काय?

आतली जागा, बाहेरची जागा

हे तिसरे कलम नीट समजण्यासाठी एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. खेळी सुरू होताना आक्रमक संघाचे किमान सात जण चेंडूच्या रेषेवर असावे लागतात, आणि त्या रांगेतल्या दोन टोकांवरच्यांनाच चेंडू झेलण्याचा अधिकार असतो. त्यामुळे बाहेरच्या रिसीव्हरांपैकी निदान एकाला बहुधा रेषेवर, बचावपटूच्या अगदी समोर, उभे राहावे लागते. बचावपटू हाताच्या अंतरावर येऊन पहिल्या पावलालाच त्याला छातीशी अडवतो; या डावपेचाला ‘प्रेस’ म्हणतात. शिवाय एका बाजूला मैदानाची सीमारेषा असल्याने पळण्याची निम्मी दिशा आधीच बंद झालेली असते.

स्लॉटमधला खेळाडू रांगेच्या टोकाच्या आणि बाहेरच्या रिसीव्हरच्या मधल्या फटीत, रेषेपासून जरा मागे उभा राहतो. त्याला पहिल्याच पावलाला गाठणे अवघड असते, त्याला डावी-उजवी दोन्ही दिशा खुल्या असतात, आणि समोरही बहुधा पहिल्या प्रतीचा कडेचा बचावपटू नसतो. आतले काम सोपे आहे असे नव्हे. गर्दीत घुसून मार खाण्याची तयारी तेथे अधिक लागते. परंतु सुटण्याची परीक्षा तेथे सौम्य असते, आणि शंकाकारांचा आक्षेप नेमका त्या परीक्षेवर होता.

> चौकट : महाविद्यालय आणि व्यवसाय यांच्या नियमांतील फरक
>
> पाऊल : महाविद्यालयात झेल घेताना एक पाय मैदानात टेकला तरी झेल वैध; व्यवसायात दोन्ही पाय टेकावे लागतात. कडेला खेळणाऱ्याला हा फरक सर्वांत अधिक जाणवतो.
>
> संपर्क : व्यवसायात पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवण्यास मनाई आहे. महाविद्यालयात चेंडू हवेत जाईपर्यंत बचावपटूला अधिक मोकळीक असते.
>
> मैदानाची विभागणी : चेंडू ज्या दोन खुणांच्या दरम्यान ठेवून खेळी सुरू होते, त्यांच्यातले अंतर महाविद्यालयात ४० फूट, व्यवसायात १८ फूट ६ इंच. म्हणून महाविद्यालयात बऱ्याच वेळा मैदानाची एक बाजू अवाढव्य मोकळी राहते आणि तेथे रिसीव्हरला ऐसपैस जागा मिळते.

आक्षेप असा रास्त असताना त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पहिल्यापासून सदोष वाटतो, आणि या लेखाचे मुख्य प्रतिपादन तेच आहे. ‘त्याने बाहेर खेळून दाखवले नाही’ ही नोंद झाली. ‘त्याला बाहेर खेळता येत नाही’ हा निवाडा झाला. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेण्यापूर्वी त्याला आत का उभे केले, हे विचारावयास हवे होते. त्याचे कारण प्रशिक्षकांना त्याचा भरवसा नव्हता हे असेल तर शंका बळावते. परंतु चेस आणि टेरेस मार्शल हे दोन धडधाकट रिसीव्हर बाहेरच्या जागांवर असताना तिसऱ्या चांगल्या खेळाडूला आत आणून तिघांनाही एकाच वेळी मैदानात ठेवावे, एवढाच हेतू असेल तर त्या आतल्या जागेवरून त्याच्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आणि या प्रश्नाचे उत्तर कोणत्या गुप्त दप्तरात दडलेले नव्हते. आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, ती मोकळी पद्धती अद्याप आलेली नसताना, जेफर्सन मुख्यत्वे बाहेर खेळला होता, आणि ५४ झेल व ८७५ यार्डांसह संघाचा अव्वल रिसीव्हर ठरला होता. ते चित्रण ३२ ही संघांपाशी होते. त्यातले आकडे लहान होते म्हणून कोणाचे लक्ष गेले नसेल, परंतु विचारलेल्या प्रश्नाचा पुरावा त्या लहान आकड्यांतच होता. मोठ्या आकड्यांचे वर्ष त्या बाबतीत काहीच सांगत नव्हते. कम्बाइनमध्ये त्याने ४.४३ सेकंदांत धाव पूर्ण करून वेगाविषयीची कुजबुजही मिटवली होती.

वाटा आणि वाटेकरी

अहवालाच्या जोडीला अलीकडे गणिताचाही आधार घेतात. एकूण यार्ड पाहण्याऐवजी संघाच्या फेकींतून मिळालेल्या एकूण यार्डांपैकी या खेळाडूचा हिस्सा किती, असे विचारतात. म्हणजे फेकणारा चांगला असो वा सुमार, त्याचा परिणाम भाजक आणि भाज्य दोहोंवर सारखाच होतो. त्याशिवाय मोठा हिस्सा त्याने कोणत्या वयात मिळवला हेही पाहतात, कारण एकोणिसाव्या वर्षी वरच्या वयाच्या खेळाडूंत उठून दिसणे आणि तेविसाव्या वर्षी कोवळ्या मुलांत उठून दिसणे यांत मोठाच फरक आहे.

युक्ती उत्तम आहे, परंतु वाटेकरी कोण आहेत याची दखल तीही घेत नाही. चेससारखा खेळाडू शेजारी असताना जेफर्सनचा हिस्सा घटणे अपरिहार्य होते. एखाद्या दुर्बल संघात तोच हिस्सा दुप्पट झाला असता आणि खेळाडू मात्र तोच राहिला असता. परिस्थितीचा हिशेब आकड्यांतून वजा करण्याचा प्रत्येक प्रयत्न अशी काही बाकी मागे ठेवतो, आणि ती बाकी चित्रण पाहणाऱ्या माणसालाच फेडावी लागते.

२३ एप्रिल २०२० नंतर

ड्राफ्टच्या त्या रात्री जेफर्सनच्या आधी चार रिसीव्हर निवडले गेले. एकविसाव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या जेलन रीगरला घेतले. त्यांना कडेने खोलवर धावणारा, वेगवान रिसीव्हर हवा होता. रीगरने ४२ इंचांची उभी उडी मारली होती, २०१८ मध्ये १,०६१ यार्ड केले होते, आणि २०१९ मधील घसरण फेकणाऱ्यांच्या दुबळेपणाने झाली असे मानण्यास आधार होता. म्हणजे एकाच्या यशातून परिस्थितीचा वाटा वजा केला गेला आणि दुसऱ्याच्या अपयशातून तो वजा केला गेला. तर्काची पद्धत दोन्ही ठिकाणी एकच, आणि ती तत्त्वतः बरोबर. चूक झाली ती किती वजा करावयाचे या प्रमाणात.

पुढल्याच, बाविसाव्या क्रमांकावर मिनेसोटाने जेफर्सनला घेतले. पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे अवघे पाच झेल झाले. तिसऱ्यात टेनेसीविरुद्ध १७५ यार्ड. मोसमाअखेर त्याच्या नावावर १,४०० यार्ड होते, रीगरच्या नावावर ३९६; आणि जेफर्सनने हे यार्ड पुष्कळ अंशी बाहेरच्या जागी उभे राहून मिळवले. पहिल्या तीन मोसमांत मिळून ४,८२५ यार्ड झाले. इतके त्यापूर्वी कोणाचेही झाले नव्हते.

येथे थांबलो तर परिस्थितीवर बोट ठेवणारे सगळेच चुकले असा समज होईल, आणि तो अन्यायाचा ठरेल. एलएसयूच्या त्या तिघा रिसीव्हरांची पुढची हकीकत एकत्र वाचली पाहिजे. चेसला २०२१ मध्ये सिनसिनाटीने पाचव्या क्रमांकावर घेतले. तेथे फेकणारा पुन्हा बरोच होता, आणि चेसने पहिल्या मोसमात १,४५५ यार्ड केले. त्याच वर्षी मार्शलला कॅरोलिनाने ५९ व्या क्रमांकावर घेतले, आणि तेथे आक्रमणाची सूत्रे जो ब्रेडी यांच्याच हाती होती. म्हणजे पद्धती आखणारा ओळखीचा, भाषा ओळखीची, अपेक्षाही ओळखीच्या. पण बरो नव्हता आणि शेजारी चेस व जेफर्सनही नव्हते. महाविद्यालयात २०१९ मध्ये १३ टचडाउन करणाऱ्या मार्शलला त्या पहिल्या मोसमात १७ झेल व १३८ यार्ड मिळाले, आणि टचडाउन एकही नाही.

एकाच मोसमाच्या एकाच चित्रणात हे तिघे शेजारी-शेजारी धावताना दिसतात. चेंडू फेकणारा एक, पद्धती एक, प्रतिस्पर्धी तेच. जेफर्सनविषयी घेतलेली शंका शब्दशः मार्शलविषयी घेतली असती तर ती खरी ठरली असती. म्हणून ‘पद्धतीने घडवलेला खेळाडू’ हा शेरा अहवालात दिसला की मी त्याच्या खाली पुढचे वाक्य शोधतो: कोणत्या खेळीत, कोणत्या बचावपटूसमोर, मार्गाच्या कोणत्या टप्प्यावर त्याला जागा पद्धतीने मिळवून दिली आणि कोठे ती त्याने स्वतःच्या पायांनी मिळवली. ज्या अहवालात ते वाक्य असते त्यावर वाद घालता येतो, कारण चित्रण पुन्हा लावून ते तपासता येते. ते नसेल तर दोन्ही पक्षांपाशी आपापले मत तेवढे उरते, आणि संघाची पाळी आली की घड्याळात मोजकीच मिनिटे असतात.